सूचना : संक्रांतीपर्यंत मुलांसाठी हॉल खुला

सर्व सभासदांना नमस्कार.

नाशिकची थंडी यंदाही जोरात आहे. अंधार पडला की मुलं खाली येत नाहीत आणि घरात मोबाइल सुटत नाही. म्हणून सोमवारपासून संक्रांतीपर्यंत क्लबहाऊसचा हॉल रोज सायंकाळी 5.30 ते 7.30 मुलांसाठी उघडा राहील.

लंगडी, फुगडी, दोरीवरच्या उड्या चालतील. क्रिकेट नाही, ट्यूबलाइट नुकत्याच बदलल्यात! कॅरम आहे, पण स्ट्रायकर सापडत नाही. कुणाकडे जादा असल्यास द्यावा. सागरगोटे येणाऱ्या आज्यांनी जरूर यावं, शिकवायला कुणीतरी हवंच.

फरशी गार असते, पण नुसत्या मोज्यांवर मुलं घसरतात. रबरी तळाचे बूट घालून पाठवा. सहा वर्षांखालील मुलांसोबत मोठं माणूस हवं. किल्ली वॉचमनकाकांकडे.

– व्यवस्थापन समिती