काकाजी, तुमचे आभार मानायचेच राहिले

नमस्कार काकाजी,

समोर म्हटलं की तुम्ही "जाऊ दे बाप्पा" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितो.

ज्या क्लासमध्ये आम्ही अर्थशास्त्राच्या एमएसाठी भरमसाठ फी भरली तिथं नियोजित अर्थव्यवस्थेचा, म्हणजे काय किती बनवायचं ते सरकारच ठरवतं त्याचा, टॉपिक एका वाक्यात उरकला, तिथं बाजार नाही म्हणजे हिशोब नाही, पुढचं पान काढा. काऊन विचारलं तर म्हणे पेपरात येत नाही. अजून राग येतो.

तुम्ही म्हणाले, अरे उलट आहे, बाजार नसला की सगळा भार हिशोबावरच येतो. आणि गोस्प्लानचा, म्हणजे सोव्हिएत रशियाच्या नियोजन मंडळाचा, ताळेबंद काढून बसले. एका बाजूला पोलाद कुठून येणार, उत्पादन, आयात, आधीचा साठा, दुसऱ्या बाजूला कुठं जाणार, कारखाने, बांधकाम, निर्यात, आणि तेही रुबलात नाही, टनात. तूट निघाली म्हणून पोलाद वाढवा म्हटलं की कोळसा वाढवा, कोळशासाठी वॅगन, वॅगनसाठी परत पोलाद, ते फेरे संपेनात म्हणून मग कारखान्यांना कमी मालात भागवा म्हणायचे नाहीतर लोकांच्या वापरालाच कात्री. कोळसा म्हटल्यावर मला आपलं खाणींचं उमरेड दिसलं आणि तिथून सगळं समजत गेलं. रुबल मागून यायचे, खात्यात पैसे असले तरी वाटपाचा कागद नसला तर माल नाही.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे. तक्ता भरता भरता तुम्ही कोळशाचा शेवटचा रकाना रिकामा ठेवला, पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि चष्मा पुसत बसले. मला खूप वेळ लागला, काकू आतून जेवायला हाका मारत होत्या, तुम्ही घड्याळ पाहिलं नाही की आकडा सुचवला नाही. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा फक्त "बरोबर" म्हणाले. काकाजी, इतका भरवसा माझ्यावर कोणत्याच सरांनी टाकला नव्हता.

बाजाराच्या बाजूचा अर्थशास्त्रज्ञ मिझेस १९२० मध्ये म्हणाला की बाजारातल्या किमतींशिवाय भांडवली मालाचा, म्हणजे यंत्रं वगैरेंचा, हिशोबच लागत नाही, आणि सोव्हिएत गणितज्ञ कांटोरोविचनं १९३९ मध्ये प्लायवूडच्या मशिनींवर काम वाटायच्या प्रश्नातून गणितानं हिशोबाची वेगळीच वाट काढली, दोघांचं तुम्ही सारख्याच इज्जतीनं सांगितलं, कोणाची टर उडवली नाही. आजकाल अशी माणसं मोठमोठ्या पदांवरही दिसत नाहीत राजेहो.

रविवारी येतो, आपली १९५६ ची दुसरी पंचवार्षिक योजना आणि तिचा आराखडा करणारे महालनोबिस राहिलंय. तक्त्याची झेरॉक्स क्लासमधल्या पोरींना दिली, त्यांनाही यायचं आहे, चालेल ना?