आधी ध्वनिमुद्रण, मग मुद्रितशोधन

संपादक महोदय,

मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी) किंवा वाचन प्रेरणा दिन (१५ ऑक्टोबर) जवळ आला की गावोगावच्या ग्रंथालयांत लेखन कार्यशाळांचे फलक लागतात. हल्ली ध्वनिमुद्रणाच्या आणि ‘स्वतःचे पुस्तक स्वतः काढा’ अशाही कार्यशाळा होतात. पण लिहिणारे एका दिवशी येतात, माइक बघायला दुसरेच, आणि छपाईचे गणित ऐकायला तिसरे. प्रमाणपत्रे वाटली जातात, मजकूर वहीतच राहतो. आमची सूचना अशी, की ही तिन्ही कामे एकाच गटाने, एकाच मजकुरावर, आठ-दहा आठवड्यांत करावीत. आणि ध्वनिमुद्रण शेवटी न ठेवता मुद्रितशोधनाच्या, म्हणजे छपाईपूर्वी चुका तपासण्याच्या, आधी आणावे.

मनात वाचताना डोळा गाळलेला शब्द स्वतःच भरून घेतो. मोठ्याने वाचणारा तिथे अडखळतो. म्हणून पहिले वाचन फोनवर, कच्चे, आणि लेखकाने स्वतः करायचे नाही. दुसऱ्याने वाचावे, लेखकाने हातात छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन गप्प बसावे आणि वाचणारा जिथे थबकेल तिथे फक्त रेघ ओढावी. मग तोच मजकूर तिसऱ्याकडून वाचून घ्यावा. दोघे एकाच जागी अडले तर वाक्यात दोष आहे. एकच अडला तर बहुधा वाचणाऱ्याचा. ८०० शब्द वाचायला सुमारे ७ मिनिटे लागतात, म्हणजे १२ जणांच्या गटाची एक फेरी दीड तासात होते. वीस-पंचवीस जणांची नावे नोंदवून घेतली तर निम्म्यांचे वाचन होतच नाही.

बोलीतल्या लेखनाला याचा विशेष उपयोग आहे. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद मुद्रितशोधकाच्या हाती पडले की ‘व्हतं’चे ‘होतं’ होते. अशा मजकुराचे लेखकाच्या तोंडचे वेगळे ध्वनिमुद्रणही शेजारी असेल तर वाद तिथेच मिटतो.

पक्के ध्वनिमुद्रण मजकूर कायम झाल्यावर. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही, पण ग्रंथालयाचा सभागृहवजा हॉल मात्र नको; तिथे आवाज घुमतो. पुस्तकांच्या मांडण्यांमधली अरुंद जागा, समोर आणि पाठीमागे दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या, एवढ्याने काम होते. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, आणि लॅपटॉप शक्यतो बॅटरीवर, कारण चार्जर जोडला की पुष्कळदा बारीक गुणगुण येते. माइक तोंडापासून एक वीत आणि किंचित बाजूला ठेवावा. ‘भ’, ‘फ’, ‘ख’ यांचा श्वास सरळ माइकवर आदळला की धप्प असा आवाज उमटतो, आणि तो नंतर नीट काढता येत नाही. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या शब्दालाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. ध्वनिमुद्रणाची सेटिंग्ज: मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. मिनिटाला सुमारे ८ एमबी जागा लागते. वाचायला लागण्यापूर्वी ३० सेकंद कोणीही न बोलता खोलीची शांतता नोंदवून ठेवावी, ती संपादनात जोड झाकायला कामी येते. चूक झाली की थांबायचे, एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत प्रणालीत ती टाळी उंच रेघेसारखी दिसते, शोधाशोध वाचते. गोंगाट काढणारी सोय मात्र जपून वापरावी. जास्त झाली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. फाइल व्हॉट्सॲपने पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

खरा वेळ जातो अक्षरजुळणीत. कोणी फोनवर युनिकोडमध्ये टाइप केलेले असते, कोणाचे श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले. जुने रूपांतरित केले की रफार भलत्या अक्षरावर बसतो आणि ‘वऱ्हाडी’तला अर्धा ‘र’ तुटतो. विसर्गाच्या जागी कोलन हा तर सर्रास प्रकार. ‘दुःख’ ओळीच्या शेवटी आले की कधीकधी दुभंगते, आणि शोधल्यास सापडत नाही. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो, तोही एकसारखा करावा. शोधा-बदला करून हे सगळे पानांची मांडणी करण्यापूर्वी उरकावे. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना ते पाहावे. ‘तिरो देवनागरी मराठी’ मोफत आहे आणि त्यात ते आहेत. मुद्रकाला वर्डची फाइल देऊ नये, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यावी.

पुस्तक डेमी (कादंबरीच्या नेहमीच्या) आकाराचे, ४८ पानांचे ठेवावे: १६ पानांचे तीन फर्मे (घडी घातलेले छापील ताव), मधोमध पिन. साधारण दहा हजार शब्द बसतात. पिनच्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत हवीत. ५० पाने केली तर दोन कोरी सुटतात. आत ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचे माप) किंचित पिवळसर कागद, मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड, कापताना जाईल म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा चित्र. शंभरेक प्रतींना डिजिटल छपाईच परवडते, ऑफसेटचा विचार पाचशेच्या आसपास करावा.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, पैसे मागणारे पुष्कळ भेटतात. भारतात हा क्रमांक शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था विनामूल्य देते, आणि लेखकाला स्वतःच्या नावे अर्ज करता येतो. छापील आणि ई-पुस्तकाला वेगवेगळा क्रमांक घ्यावा लागतो. या क्रमांकाने स्वामित्वहक्क मिळतो हा गैरसमज आहे. तो लिहिल्याक्षणी लेखकाकडे असतोच. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा, म्हणून कोणी वाचले, कुठे वापरायचे, हे आधीच एका कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. दुसऱ्याची कविता घेणार असाल तर तीही परवानगी आधी.

१९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. छपाईच्या संख्येत या चार प्रती आधीच धराव्यात. आणि पाचवी ज्या ग्रंथालयात कार्यशाळा झाली त्याच्या दाखल नोंदवहीत चढवावी. नेमकी तीच राहून जाते.

आपले,
सार्वजनिक ग्रंथालयांत कार्यशाळा चालवणारे काही कार्यकर्ते