सुमे, घारीचं पीस पाठवतेय

नेरूळ, 10 फेब्रुवारी 2026

प्रिय सुमे,

सहा महिने पत्र नाही आणि फोनवरही नुसतं "बोलू गं सावकाश". चूक माझीच. गुडघा आहे तसा आहे, साखर आटोक्यात. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

मी ड्रोन उडवायला शिकतेय. आधी पोटभर हसून घे! मंदारने दिवाळीत आणून दिला, 249 ग्रॅमचा. मला खाडीतले फ्लेमिंगो वरून बघायचे होते. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, असं मंदार म्हणाला, आणि ते खरंच आहे. पण सर्टिफिकेट नको म्हणजे कुठेही उडवा असं नाही. डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडला, तर आपला नवी मुंबई विमानतळ जवळच, 25 डिसेंबरपासून विमानंही सुरू झाली. हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत अगदी जमिनीपासूनच परवानगी लागते. शिवाय ती पाखरं इथे पिल्लं घालायला आलेली नसतात, पोटासाठी आलेली असतात. डोक्यावर घरघर झाली की थवाच्या थवा उठतो. तो नाद मी सोडला.

म्हणून दर रविवारी मुरबाडला, दादाच्या शेतावर. भात निघाल्यावर खाचरं मोकळीच असतात. पहिले दोन रविवार फक्त डोक्याइतक्या उंचीवर एका जागी तरंगत ठेवला. मग चौकोन. सगळ्यात अवघड काय सांगू? त्याचं तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं. डावीकडे स्टिक ढकलावी, तर तो आपल्या उजवीकडे पळतो. त्या क्षणी हात सोडून द्यायचा, तो आपोआप थांबतो, हे शिकायला मला महिना लागला. उडवण्याआधी उपग्रह सापडून 'होम', म्हणजे परतायची जागा, नोंदलं जाईपर्यंत थांबायचं. परतीची उंची जवळच्या सगळ्यात उंच झाडाच्या वर ठेवायची, नाहीतर सिग्नल तुटला की तो सरळ फांदीत शिरतो. वारा अंगावर घेत परत यायचं असेल तर बॅटरी भराभर उतरते, म्हणून मी तीस टक्क्यांच्या आधीच उतरवते. आणि नजरेच्या बाहेर कधीच नाही. हे सगळं मी पाळलं गं. अक्षर न् अक्षर पाळलं.

आकाशात आणखी कोण आहे, एवढंच बघितलं नाही.

परवा तो चाळीस मीटरवर असताना वरून घार आली. तिला सरळ वर चढणं जड जातं, म्हणून अशा वेळी ड्रोन उंच न्यायचा, हे मला ठाऊक होतं. पण घाबरून मी खाली ओढला, तिच्याच वाटेत. टक् असा आवाज झाला. ड्रोन गटांगळ्या खात बांधावर पडला, घार कलंडत शिरीषाकडे गेली आणि हे तपकिरी पीस सावकाश खाली आलं.

आणि मला नौपाड्याची गच्ची आठवली. मांज्यात अडकलेली ती घार. तू परकराने धरून तिचा पंख सोडवत होतीस, आणि मी म्हणाले, "सोड ना, माझा पतंग जातोय." तू फिरकी टाकून निघून गेलीस. संक्रांत ते होळी अबोला. तुझी फिरकी म्हणजे नेहमीचा गुंता, तरी त्यानंतर दुसऱ्या कुणी धरली की माझा पतंग चढायचाच नाही. पण त्या वाक्याची माफी मी तुझ्याकडे कधी मागितली नाही. आज मागतेय.

अंधार पडेपर्यंत शिरीषाखाली शोधलं. रक्त नाही, पडलेली घार नाही. पण वर, दुबेळक्यात, काटक्यांचा ढीग दिसला. घरटं! हा त्यांचा विणीचा काळ, म्हणूनच ती झेपावली. आत अंडी आहेत का, ती परत येऊन बसली का, खालून काही दिसत नाही. मंदार म्हणतो, नवा पंखा बसवलाय, दोन मिनिटांत वरून बघून येतो. मी बॅटरीच काढून पर्समध्ये ठेवली. दादाला रोज फोन करते. तो म्हणतो, घार दिसते खरी, पण तीच की दुसरी कोण जाणे. रात्री झोप लागत नाही.

तुझं काय? भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना? अद्वैतची तारीख ठरली की कळव, रजेचं बघायला हवं.

सुमे, तुझी दुर्बीण अजून आहे ना? रविवारी ठाण्याहून मुरबाडची पहिली एसटी पकडू. मी डबा आणते, थालीपीठ आणि तुझा लसणीचा ठेचा. लांबूनच बघू, बांधावर बसून. ती बसलेली दिसली की तू सांग. तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे.

तुझी,
वासू