तूर, मोझांबिक आन् आपण

प्रिय दत्ता,

काय करायलास? परवा फोनवर म्हणलास की पुण्यात तूरडाळ एवढी महाग घेतो मी, मग तुम्ही गावाकडं कशाला रडता. फोनवर नीट सांगणं झालं नाही म्हणून लिहायलोय, निवांत वाच.

२०१५ ला डाळ किलोला २०० रुपयांच्या वर गेलती, आठवतंय का? पुढच्या वर्षी सरकारनं आफ्रिकेतल्या मोझांबिक देशासोबत तूर आणायचा करार केला, इकडं भाव बघून आपण बी तूरच पेरली, पाऊस बी बरा झाला आन् दणकून पिकली. मग २०१७ ला काय झालं ते तुझ्या दादाला विचार. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये, अन् अडतीवर त्याच्या कितीतरी खाली मागायचे, खरेदी केंद्रावर बारदाना (रिकामी पोती) संपला म्हणून ट्रॅक्टर रांगेत उभे. ऑगस्टात आयातीवर २ लाख टनाची मर्यादा आली, आपण म्हणलो बरं झालं. पण तिकडचा शेतकरी बी आपल्यासारखाच एक-दोन हेक्टरवाला रे, तो ही तूर मुख्यतः आपल्यासाठीच पिकवतो, इंडियानं दार लावलं की त्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही. तिकडं बी भाव कोसळले.

२०२१ ला आयात परत मोकळी झाली. आता मोझांबिक, मलावी, टांझानिया, म्यानमार, कुठून कुठून येते. आफ्रिकेतली तूर ऑगस्टनंतर निघते, ती इथं येऊन गोदामात पडते तोवर आपल्या तुरीला शेंगा धरायला लागतात, मग जानेवारीत आपण कट्टे घेऊन गेलो की सौदा आधीच नरम. मिलवाल्याला मी शिव्या देत नाही, त्याला बारा महिने माल लागतो, मशीन बंद ठेवून त्याचं कसं भागणार. राग येतो तो ह्याचा की जहाज कधी लागणार हे त्याला मोबाईलवर कळतं, आपल्याला काट्यावर गेल्यावर कळतं. अन् कळून बी काय करणार, खत-औषधाच्या दुकानदाराची उधारी उरावर, विकावंच लागतं.

त्यातल्या त्यात बाजार समितीची तारण योजना कामाची वाटते, माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यापर्यंत उचल घ्यायची आन् भाव आला की विकायचं. गावात मात्र निम्म्या लोकाला माहीतच नाही, कागदं बी लई मागतात. मी यंदा थोडे कट्टे ठेवणार आहे, दादाला विचारून कळव त्याचे बी ठेवायचेत का, एकाच टेम्पोत नेऊ म्हणजे भाडं वाचंल.

काकूला नमस्कार सांग.

तुझा,
बाळू