उपासनेला जगाची पसंती कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती उपासनेचं रूप कसं बदलत आहे, यावर आपल्या अंकात नुकताच एक लेख आला. रंगीत दिवे, बँड, पडद्यावर सरकणारे गीतांचे शब्द, थेट प्रक्षेपण, भरलेली सभागृहं या सगळ्याचं त्यात कौतुकानं वर्णन आहे. चर्च आता कंटाळवाणं राहिलेलं नाही, असा एकंदर सूर. वार्ताहरानं असं लिहिलं तर त्यात वावगं काही नाही. पण आमच्याच मंडळ्यांमधून, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या सभासदांमधून, तो लेख प्रशस्तिपत्रासारखा फिरतो आहे, ते मला खटकलं.

गिटार-ड्रमशी माझं भांडण नाही. आज जुनी आणि पवित्र वाटणारी कितीतरी गीतं त्यांच्या काळी नवी म्हणून नाकं मुरडून ऐकली गेली. चाल कुठलीही असो, ती कुणाला आवडावी म्हणून निवडली, एवढंच मला विचारायचं आहे. संत ऑगस्टीन (इ. स. 354–430) यांना हा पेच चांगलाच ठाऊक होता. गाण्यातल्या आशयापेक्षा गाण्यानंच मन अधिक हेलावलं, तर आपल्या हातून पाप घडलं, अशी कबुली त्यांनी आत्मकथनात देऊन ठेवली आहे. तरी चर्चमधलं गायन बंद करा असं ते म्हणाले नाहीत. दुबळं मन त्यानं भक्तीकडे वळतं, हे त्यांनी मान्य केलं. आज हा पेच कुणाला पडतच नाही. लोक हेलावले की उपासना 'जमली'.

या चर्चेत प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्रातलं एक वाक्य हटकून पुढे केलं जातं : मी सर्वांना सर्व काही झालो. म्हणजे बाहेरच्यांना रुचेल असं करायला पौलाचीच मुभा आहे म्हणे. पण त्याच पत्राची आधीची आणि नंतरची पानं वाचावीत. करिंथची मंडळी कृपादानांत, म्हणजे पवित्र आत्म्यानं दिलेल्या देणग्यांत, कुठेच उणी नव्हती. वक्तृत्वावर भाळणारी, मी पौलाचा, मी अपुल्लोस या दुसऱ्या उपदेशकाचा असे गट पाडणारी. त्यांना पौल सरळ बाळकं म्हणतो, तुम्हाला दूध पाजावं लागलं, जड अन्न पेलत नव्हतं, असं सुनावतो; आणि पुरावा म्हणून त्यांच्यातला हेवा आणि कलह दाखवतो. त्यांच्या सभा निर्जीव होत्या अशी त्याची तक्रार नव्हतीच. उलट, त्यांत गोंधळ होण्याइतका जोर होता.

बाहेरचा माणूस पौलाच्याही डोळ्यांपुढे आहे, हे खरं. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो म्हणतो, अन्य भाषेतल्या, म्हणजे आत्म्याच्या भरात उच्चारलेल्या पण ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द बोलणं मला बरं. आणि लगेच, विचारांत प्रौढ व्हा. पण त्या सभेत आलेला परका काय करतो? त्याच्या मनातलं गुपित उघडं पडतं आणि तो पालथा पडून देवाला नमन करतो. छान कार्यक्रम झाला, पुन्हा येईन, असं म्हणून तो घरी जात नाही. त्याला कळावं म्हणून पौल धडपडतो; त्यानं पसंत करावं म्हणून नव्हे. गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या मंडळ्यांना, तर त्यानं स्वच्छ लिहिलं : मी अजून माणसांनाच खूश करत असतो, तर ख्रिस्ताचा दास नसतो.

शिकागोच्या उपनगरात 1975 साली सुरू झालेल्या विलो क्रीक चर्चनं, चर्चला न येणाऱ्यांना काय हवं-नको ते पाहून रविवारची सभा आखली. हजारो लोक आले, जगभर नक्कल झाली. 2007 साली त्यांच्या स्वतःच्याच पाहणीतून निघालं की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरची प्रीती वाढतेच असं नाही. हे त्यांनी जाहीरपणे मान्य केलं, त्याबद्दल मला आदर आहे. नक्कल करणाऱ्यांनी मात्र सभा उचलली, कबुली तिथेच ठेवली.

आवडीच्या मापानं उपासना कापली की पहिली कात्री विलापावर चालते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळदेखील नाही. हे गायला कोण तयार आहे? पापकबुली दोन मिनिटांत उरकते, शांतता तर कुणाला सोसतच नाही. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्यानं मग सलग चार आनंदगीतांत टाळ्या वाजवत उभं राहायचं. मुरलेला विश्वास घडतो तो अशाच जागी, आणि ती जागाच आम्ही कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकली.

जुन्या वळणाच्या मंडळींनी यावर मान डोलवू नये. जगाची पसंती त्यांनाही हवीच असते, फक्त वेगळ्या लोकांची. सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगल्या जागी बसवता आणि गरिबाला तिथे उभा राहा म्हणता, असं याकोबानं बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहिलं तेव्हा ना बँड होता ना दिवे. प्रतिष्ठित पाहुण्यासाठी प्रार्थना मध्येच थांबवून सत्कार करणाऱ्या मंडळ्या ऑर्गनच्या साथीनं गाणाऱ्याही असतात. तिथे पहिली रांग आजही राखीव असते.

आपला,
एक वाचक