खाणीला काठ हवा

महोदय,

चांदिवलीत आमच्या सोसायटीमागच्या बंद दगडखाणीत उद्यान होणार, असा फलक लागला आहे. चित्रात हिरवळ, ओपन जिम, कारंजं, सेल्फी पॉइंट. खाणीचा कडा मात्र कुठेच नाही. म्हणजे राडारोडा ओतून खड्डा बुजवायचा आणि वर पेव्हर ब्लॉक बसवायचे.

माझे वडील याच खाणीत सुरुंगाची भोकं पाडायचे, आई खडी फोडायची. त्या भोकांच्या उभ्या पन्हळी कड्यावर अजून दिसतात. एका पन्हळीखालच्या फटीत उंबर उगवलाय. ना माती, ना कुणी पाणी घातलेलं. कातळातून झिरपेल त्यावर तो मनगटाएवढा झाला.

पावसाळ्यात खाण भरते. लहानपणी आमच्या चाळीतला एक मुलगा तिथे पोहायला उतरला, तो परत आला नाही. तळ्यात माणूस पायापायाने आत जातो. खाणीच्या पाण्याला काठच नसतो, पहिलं पाऊलच खोलात. त्यामुळे आराखड्याची सुरुवात इथून व्हावी: कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरता करा, पाण्याला एका बाजूने तरी उथळ काठ द्या, जादा पाण्याला वाट ठेवा. हिरवळीचं नंतर बघू.

मुलीकडे गुरुग्रामला गेलो की मी अरवली बायोडायव्हर्सिटी पार्कमध्ये फिरतो. तीही खाणींचीच जमीन. 2010 पासून तिथे विलायती बाभूळ हटवून अरवलीची मूळ झाडं लावली. ती बाजारात मिळत नव्हती, म्हणून बिया गोळा करून रोपं तयार केली. आपल्याकडे ठेकेदार त्याच्या नर्सरीत असेल ते लावतो. इथल्या कातळावर पायर, पांगारा, कांडोळ, काटेसावर लावून बघा की! पॅरिसमध्ये तर 1867 सालीच जिप्समच्या जुन्या खाणीत ब्यूत-शोमाँ ही बाग उघडली. तिच्या तळ्यातल्या बेटाचे कडे खाणीचेच आहेत, ते कुणी बुजवले नाहीत.

हरकती-सूचना मागवल्याचं फलकावर बारीक अक्षरांत लिहिलंय. माझी सूचना एवढीच, की आराखडा करणाऱ्याने एकदा भर पावसात खाणीवर यावं. पाणी कुठून उतरतं ते मी दाखवतो. उंबरही दाखवतो, म्हणजे निदान तेवढ्यावर तरी राडारोडा पडणार नाही.

– एक वाचक, चांदिवली, मुंबई