ट्रक ठेवण्याआधी

कोल्हापूर,
२४ नोव्हेंबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

हरणाला धडकलेल्या तुझ्या ट्रकचे फोटो काल रात्री पाहिले आणि विमा कंपनीचे कागद दोनदा वाचले. फोनवर तू इतकी चिडलेली होतीस की तेव्हा नीट समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. पुढची काच शाबूत आहे आणि एअरबॅग उघडलेल्या नाहीत, हे फोटोत आधी नीट पाहून घेतले आणि मगच आकड्यांकडे वळले. बाबांना मात्र 'ट्रक' म्हटले की अजून दहा चाकांचीच गाडी दिसते. 'पिकअप' असे दोनदा सांगितले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

तुझा मुख्य प्रश्न असा आहे की बंपर, जाळी, तुझ्या बाजूचा हेडलॅम्प, बॉनेट आणि फेंडर एवढेच गेलेले असताना, इंजिन नीट चालत असताना, कंपनी गाडी 'टोटल लॉस' कशी ठरवते. मी ३१ वर्षे मोटार क्लेमच्या टेबलावर बसले. हा प्रश्न मला विचारला नाही, असा एक महिनाही गेला नसेल. 'टोटल लॉस' हा शब्द हिशेबनिसाचा आहे, मेकॅनिकचा नाही. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की क्लेम त्या खात्यात जातो. तुमच्या ओहायोत अशी ठरावीक टक्केवारी नाही, कंपनी स्वतःचे गणित मांडते. दुरुस्तीचा खर्च अधिक मोडक्या गाडीला लिलावात मिळणारी किंमत, ही बेरीज गाडीच्या अपघाताआधीच्या बाजारभावाच्या वर गेली, तर दुरुस्त करण्यापेक्षा पैसे देऊन मोकळे होणे कंपनीला स्वस्त पडते. तुझ्या कागदावर बाजारभाव १४,००० डॉलर, दुरुस्ती ९,८०० आणि लिलावाची किंमत ४,६०० धरली आहे. बेरीज १४,४०० होते. म्हणजे अवघ्या चारशे डॉलरांनी तुझा ट्रक भंगाराच्या रांगेत जाऊन बसला आहे.

एवढ्याशा मारासाठी ९,८०० कसे, हेही सांगते. २०१५ पासून फोर्डने तुझ्या ट्रकच्या मॉडेलची, एफ-१५० ची, बॉडी ॲल्युमिनियमची केली. खालची चेसिस पोलादाचीच आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून सरळ करणे वेगळे कसब आहे, त्याची हत्यारे पोलादाच्या कामापासून निराळी ठेवावी लागतात, नाहीतर पुढे पत्रा गंजत जातो. त्यामुळे सगळी गॅरेजे हे काम घेत नाहीत आणि जी घेतात ती मजुरी जास्त लावतात. त्यात पूर्ण एलईडीचा हेडलॅम्प आणि जाळीमागचे, समोरच्या गाडीचे अंतर ओळखणारे रडार. हे रडार नुसते बसवून चालत नाही, त्याची नजर सरळ करून द्यावी लागते, आणि त्याचे पैसे वेगळे असतात.

आता मुद्द्याचे. 'गाडी ठेवू की कंपनीला सोडू' याचे उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचे आहे असे तू म्हणालीस. पण त्याच्या आधी एक काम राहिले आहे. मूल्यांकनाच्या अहवालाचे चौथे पान काढ. तुलनेला ज्या तीन गाड्या घेतल्या आहेत, त्यांतल्या दोन फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत; तुझी चारही चाकांवर चालते. शिवाय उन्हाळ्यात तू चारही टायर नवे घातलेस, त्याची पावती तुझ्याकडे आहे, तिचा कुठे उल्लेखही नाही. तुझ्यासारख्याच, तितक्याच मैलांच्या, तुझ्याच भागात विक्रीला असलेल्या चारपाच गाड्यांच्या जाहिराती जमव आणि चुका दाखवून लेखी हरकत घे. यात दुहेरी फायदा आहे. गाडी सोडलीस तर जास्त पैसे मिळतील, हा एक. आणि समजा बाजारभाव १५,००० ठरला, तर १४,४०० ची बेरीज त्याच्या खाली जाते, म्हणजे कंपनी कदाचित गाडी दुरुस्तच करून देईल आणि तुझे टायटल, आपल्या भाषेत मालकीचा कागद, स्वच्छ राहील. मात्र यात एक खाच आहे. इस्टिमेट फोटोंवरून केलेले आहे. पुढचा भाग उघडल्यावर आत रेडिएटरची चौकट वाकलेली निघाली, तर दुरुस्तीचा आकडा वाढेल आणि पुन्हा तू होतीस तिथेच.

तोपर्यंत ट्रक टोइंगवाल्याच्या आवारात ठेवू नकोस. तिथे रोजचे भाडे चढत असते आणि वाद घालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ते भाडे बसवायला कंपन्यांना आवडते. कंपनीकडून भाड्याची गाडी किती दिवस मिळणार, हेही विचारून ठेव. टोटल लॉसचा प्रस्ताव हातात पडला की ती सोय थोड्याच दिवसांत बंद होते, आणि मग घाईत सही होते. सह्या घाईतच होतात, हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे.

हरकत मान्य झाली नाही आणि टोटल लॉस कायम राहिला, असे धरून पुढचे लिहिते. सोडलीस तर १४,००० वजा क्लेममध्ये तू स्वतः सोसायचे ५०० म्हणजे १३,५०० मिळतील. त्यावर, पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांत दुसरी गाडी घेऊन पावती दाखवलीस, तर ओहायोच्या नियमाप्रमाणे त्या गाडीचा विक्रीकरही मागता येतो. ठेवलीस तर त्यातून ४,६०० कापून ८,९०० हातात येतील. तू म्हणतेस, 'गाडी माझीच आहे, मग ठेवण्यात काय?' ताई, इथेच सगळे फसतात. तू गाडी ठेवत नसतेस, ४,६०० डॉलर देऊन मोडलेली गाडी कंपनीकडून विकत घेत असतेस. तेव्हा स्वतःला असे विचार, की रस्त्याच्या कडेला हाच ट्रक, याच अवस्थेत, अनोळखी माणसाने ४,६०० ला विकायला काढला असता, तर मी घेतला असता का?

मी शाखेत असताना तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार होते. त्यांच्या ४०७ टेम्पोला पुढून मार बसला, क्लेम टोटल लॉसमध्ये गेला आणि त्यांनी सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची, रक्कम वजा करून पैसे घेतले, गाडी ठेवली. टेम्पो घरचा, हौसेने घेतलेला, पुढे देवीचा फोटो. स्वस्तात डेंटिंग-पेंटिंग करून घेतले आणि गाडी नव्यासारखी दिसायला लागली. वर्षाने ते दुसऱ्याच कामासाठी ऑफिसात आले आणि मला म्हणाले, "बाई, जरा खाली येऊन बघा." फाटकाशी टेम्पो उभा होता. त्यांनी माझा हात धरून पुढच्या टायरवरून फिरवला. बाहेरच्या कडेला बोट रुतेल इतकी नक्षी होती आणि आतली कड घासलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत. "वर्षातला हा तिसरा," ते म्हणाले. आमच्या सर्व्हेअरनी तिथेच खाली बसून चेसिसच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरली, मग दुसऱ्या कर्णावर. दोन्ही सुतळ्या सारख्या भरायला हव्या होत्या; एक जवळपास दोन बोटे जास्त भरली. रंग कितीही चांगला लावा, वाकलेली चेसिस आपले म्हणणे टायरवर लिहून ठेवते.

म्हणून तुझ्या बाबतीत सगळे त्या पोलादी चेसिसवर अवलंबून आहे. चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांची पुढची टोके, जिथे बंपर बसतो, ती धडकेत दबण्यासाठीच केलेली असतात, आणि हरीण साठसत्तर किलोचे असले तरी ताशी ५५ मैलांच्या वेगात त्याचा धक्का कमी नसतो. त्या टोकांवर सुरकुती आहे का, काळा लेप तडकून सुटला आहे का, बॉनेट आणि फेंडर यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे तू स्वतः बघू शकशील. पण तेवढ्यावर थांबू नकोस. चेसिस मोजण्याची यंत्रणा असलेल्या गॅरेजात पैसे भरून मोजून घे आणि फोर्डने दिलेल्या मापांशी ताडलेला छापील कागद माग. तू या ट्रकला मातीचे नमुने काढायच्या यंत्राचा ट्रेलर जोडतेस, त्यामुळे ही चैन नाही. माप चुकले तर एक शब्दही पुढे न वाचता गाडी सोडून दे.

माप बरोबर आले, तर कागदांची वाट अशी आहे. तुमच्याकडे मालकीचा कागद काउंटीच्या क्लार्क ऑफ कोर्ट्सच्या कार्यालयातून मिळतो. तिथे तुझे आताचे टायटल जमा करून सॅल्व्हेजचे टायटल घ्यावे लागेल. त्या कागदावर नोंदणी होत नाही, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. दुरुस्ती झाल्यावर ओहायो स्टेट हायवे पेट्रोलकडून तपासणी होते आणि ती पार पडली की 'रीबिल्ट सॅल्व्हेज' असा शिक्का असलेले टायटल मिळते. गाडी तिथपर्यंत दुसऱ्या वाहनावर घालून नेण्याचा खर्च धर. प्रत्येक सुट्या भागाची पावती जप. जुना भाग घेतलास तर तो ज्या गाडीतून काढला तिचा चेसिस नंबर पावतीवर लिहून घे. कारण ती तपासणी मुख्यतः चोरीचे भाग वापरले नाहीत ना, यासाठी असते. ब्रेक कसे लागतात किंवा रडारला समोरचे दिसते का, याची हमी त्या शिक्क्यात नसते. लोक तसे समजतात आणि निर्धास्त होतात.

आपल्याकडच्या आर.सी. बुकावर असा डाग राहत नाही. सांगलीच्या पुरात सीटपर्यंत पाण्यात गेलेल्या गाड्या पुढच्या दिवाळीला चकचकीत होऊन विकल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, घेणाऱ्याला पत्ता नसतो. तिकडे तो डाग देशभराच्या नोंदीत जातो, तू उद्या दुसऱ्या राज्यात राहायला गेलीस तरी पुसला जात नाही. हे घेणाऱ्याच्या दृष्टीने उत्तमच आहे. पण या वेळी विकणारी तू असशील. अशा गाडीला साधारण २० ते ४० टक्के कमी भाव मिळतो असे धरतात. म्हणजे आज १४,००० चा ट्रक दुरुस्तीनंतर ८,४०० ते ११,२०० चा. तू सांगितलेल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने जुने भाग घालून ५,२०० म्हटले आहेत. त्यात ४,६०० आणि वाहतूक-तपासणीचे चारशे मिळव, १०,२०० होतात. दोनतीन वर्षांत विकायचा विचार असेल, तर या व्यवहारात हाती काही लागणार नाही, उलट मनस्ताप पदरात पडेल. झिजेपर्यंत वापरणार असशील, तरच हिशेब जमतो, कारण मग भाव कमी येण्याचा प्रश्नच उरत नाही.

विम्याचे मात्र आधी ठरव, नंतर नाही. रीबिल्ट टायटलच्या गाडीला दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा सहसा मिळतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा काही कंपन्या देतच नाहीत, काही देतात पण भरपाई कमी भावाने करतात. हरणाच्या धडकेची भरपाई विम्याच्या ज्या भागातून मिळते, तोच भाग नेमका मिळाला नाही, तर पुढच्या नोव्हेंबरात तुझे तूच बघायचे. तुझा रस्ता तोच आहे आणि हरणेही तीच आहेत. तेव्हा एजंटच्या तोंडी 'हो, होईल' वर जाऊ नकोस. टायटलचा प्रकार स्पष्ट लिहून विचार आणि ईमेलवर उत्तर घे.

माझे मत विचारलेस म्हणून सांगते. परवा फोनवर मी लगेच 'देऊन टाक' म्हणाले, ती क्लेमच्या टेबलाची सवय. फोटो पाहिल्यावर मन थोडे वळले आहे. या ट्रकचे तेल तू दर वेळी वेळेवर बदललेस, गिअरबॉक्सचे काम तुझ्यासमोर झाले, कर्ज गेल्या वर्षी फिटले, त्यामुळे बँकेची परवानगी मागायची नाही. १३,५०० मध्ये जो दुसरा घेशील त्याच्या पोटात काय आहे, हे तुला ठाऊक नसेल. पण चेसिसच्या मापाचा कागद आणि विम्याचे लेखी उत्तर, ही दोन्ही हातात आल्याशिवाय मी 'ठेव' म्हणणार नाही; आणि बाजारभावाची हरकत तर उद्याच पाठव, ती कशासाठीही थांबायला नको. शुक्रवारची मुदत वाढवून माग. हरकत लेखी असली की मुदत बहुधा वाढते.

चेसिसच्या पुढच्या टोकांचे फोटो उजेडात, गाडीखाली आडवी होऊन काढ. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये सुरकुती दिसत नाही. दोन्ही बाजूंचे सारख्याच अंतरावरून पाठव, म्हणजे मला ताडून बघता येतील. त्या चौथ्या पानाचाही स्पष्ट फोटो हवा, तिसऱ्या गाडीचे मैल नीट वाचता येत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, की हरणाचे काय झाले, ते तू सांगितलेच नाहीस.